गॅसकाकांचं तांब्याचं कडं

गॅसकाकांना गॅसकाका म्हणतात ते फ्रिजमध्ये गॅस भरायचे म्हणून. इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्याच आठवड्यात त्यातलं कुणीतरी सिलिंडरची चौकशी करायला त्यांच्या दारात उभं राहतं, आणि काका दर वेळी तितक्याच गंभीर चेहऱ्याने सांगतात, "आमच्याकडचा गॅस पेटत नाही. थंड करतो." एकेचाळीस वर्षं हा धंदा केला. गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान बंद केलं, पण दुकानातलं निम्मं सामान बाल्कनीत आलं. काकूंच्या कुंड्या तेव्हापासून जिन्यात आहेत.

काकांचा एक स्वभाव धंद्याने घडवलेला. उघडी नळी त्यांना बघवत नाही. फ्रिजच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी गॅस निघून जातो आणि गिऱ्हाईक चार दिवसांनी शिव्या द्यायला परत येतं. एकेचाळीस वर्षं अशी भोकं बुजवल्यावर माणूस घरी तरी कसा स्वस्थ बसेल? टूथपेस्टचं झाकण, तेलाची बाटली, शेजाऱ्यांचा गळका नळ, दिसेल ते बंद करत सुटायचं. काकू म्हणतात, "यांना उघडं टाकलेलं फक्त स्वतःचं तोंड चालतं."

हे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

काकांना एक बहीण. सात वर्षांनी थोरली, ताई. लहानपणी काका अभ्यासाच्या नावाने ठणठणपाळ. ताई त्यांचा धडा मोठ्याने वाचायची आणि हे टेबलाखाली बसून घरातलं गजराचं घड्याळ उघडायचे. धडा डोक्यात शिरला नाही, पण तिचा आवाज चालू असला की हात नीट चालतात ही सवय जडली ती जडलीच. पुढे ताई सातासमुद्रापार गेली आणि तिथल्या रेडिओवर आपल्या भाषेतला कार्यक्रम वाचायला लागली. रोज संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ, शॉर्टवेव्हवर. बातम्या, हवामान, श्रोत्यांचं एखादं पत्र, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "ऐकताय ना?"

"ऐकतोय गं," काका रेडिओला सांगत. तीस वर्षं सांगत होते.

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. आवाज आपल्याकडे कसा पोचला ते स्टेशनला लिहून कळवायचं. तारीख, वेळ, आवाजाचा जोर, खरखर, चढउतार, प्रत्येकाला पाचपैकी गुण. काका दर शनिवारी आठवड्याचा अहवाल एका कार्डावर लिहून टाकत. बहिणीला भावाने पाठवायचं पत्र म्हणून हे जरा कोरडंच, पण काकांना दुसरं पत्र लिहिताच येत नसे. "तब्येत बरी आहे" लिहायला त्यांना अर्धा तास लागायचा. "खरखर दोन, चढउतार तीन" मात्र एका झटक्यात. ताईनेही कधी तक्रार केली नाही. फोनवर ती काकूंशी तासभर बोले, आणि मग काका फोनवर येऊन विचारत, "हं, मग?" ती म्हणे, "हं, मग." झालं बोलणं.

तर सहा महिन्यांपूर्वी काकांच्या रेडिओत खरखर शिरली.

खरखर तशी शॉर्टवेव्हला नवी नाही, पण ही वेगळी. कुणी पत्र्यावर वाळू घासत बसावं तशी, सकाळ-संध्याकाळ, एका लयीत. ताईचा आवाज तिच्याखाली असा बुडाला की ती बातम्या वाचतेय की हवामान हेसुद्धा कळेना. काकांनी बाल्कनीभर ताणलेली एरियलची तार बदलली, लांबवली, वर नेली. तार जितकी लांब तितकी खरखर जोरात.

खरी गोम पुढे आहे. काकांनी हे ताईला कळवलं नाही. स्टेशनवाले पत्रं मोजतात आणि कुठल्या भाषेचं ऐकू जातं, कुठलं नाही ते बघतात, असं ताई एकदा बोलता बोलता म्हणाली होती. आपल्या कार्डामुळे तिच्या कार्यक्रमावर गदा यायला नको म्हणून काकांनी पहिल्या शनिवारी खरखरीला पाचपैकी पाच दिले, म्हणजे खरखर अजिबात नाही. एकदा खोटं लिहिलं की पुढच्या शनिवारी खरं लिहायला तोंड उरत नाही. सहा महिने काका रोज साडेसातला वाळू ऐकत बसले, पावणेआठला "ऐकतोय गं" म्हणाले, आणि शनिवारी सगळ्या रकान्यांत पाच-पाच भरत गेले. शाळेत ज्यांना स्वतःला कधी पाच मिळाले नाहीत, ते असे सढळ हाताने वाटत होते. मधे एका मंगळवारी खरखर नेहमीपेक्षा जरा पोकळ वाटली. त्या दिवशीही पाच.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. काकूंनी न बोलताच तो काकांच्या हातात दिला.

"बाळ्या," ताई म्हणाली. काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. "महिनाअखेर बंद होतंय रे. आपल्या भाषेचा विभागच बंद. शेवटचा कार्यक्रम मी वाचणार आणि मग मीही घरी."

काकांनी रेडिओकडे बघितलं. मग म्हणाले, "पत्रं कमी पडली का?"

"छे! पत्रांचं कोण विचारतंय आता. तू ऐकशील ना शेवटचा?"

"म्हणजे काय!" काका म्हणाले. "इथे खणखणीत येतं."

फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. महिनाअखेरीला बारा दिवस होते.

"मोबाईलवर लावून देते की," काकू म्हणाल्या.

"ते इंटरनेटवर कधी टाकतच नव्हते."

"मग ताईंना फोनवरून वाचायला सांगा तो कार्यक्रम. तुमच्या एकट्यासाठी."

"फोनवर ती माझ्याशी बोलते गं," काका म्हणाले. "रेडिओवर ती सगळ्यांशी बोलते. त्या सगळ्यांत मला बसायचंय."

काकूंनी यावर काही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

पहिले दोन दिवस काकांनी पोलिसगिरी केली. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं शिलाई मशीन, खालच्या मुलाचा कॉम्प्युटर, जिन्यातला नवा दिवा, सगळ्यांवर संशय. दार वाजवायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडे काही खरखरतं का?" शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, "नवरा. पण तो रात्री." तिसऱ्या दिवशी काका बाजाराच्या टोकाला असलेल्या रेडिओवाल्याकडे गेले. हा त्यांचा दुकानदारीच्या दिवसांतला दोस्त. पाटीवर रेडिओ, आत सगळे चार्जर आणि मिक्सर. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथे दोरा.

"तार काढून टाक," रेडिओवाला ऐकून घेऊन म्हणाला. "तुझी तार म्हणजे गावभर हिंडणारी भोचक बाई. जे कानावर येईल ते घरी आणते. तुला लूप पाहिजे. लूप म्हणजे कडं. तांब्याची नळी आहे ना तुझ्याकडे?"

तांब्याची नळी आहे का, हे गॅसकाकांना विचारायचं! काकांना अपमान झाल्यासारखंच वाटलं.

"मीटरभर रुंद कडं कर. लाकडी दांड्यावर उभं बसव, फिरवता आलं पाहिजे. त्याच्या आत तारेचं छोटं कडं, पाचव्या हिश्शाचं, ते रेडिओला जोड. मोठ्या कड्याला हा गँग लाव." त्याने फळीवरून जुन्या रेडिओतला गँग काढून पुसला. पत्र्याच्या पाकळ्या एकमेकींत जाणारा, स्टेशन लावायला फिरवतात तो. "आणि रेडिओ बॅटरीवर चालव. विजेच्या वायरीतून निम्मी घाण येते."

काकांनी दोन दिवस खपून कडं केलं. नळी वाळूने भरून वाकवली म्हणजे चेपत नाही, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. इतकं गोल झालं की काकू हातातलं काम टाकून बघायला आल्या. जुन्या दुकानातल्या फिरत्या स्टुलावर केरसुणीचा दांडा, त्यावर कडं. राहता राहिली नळीची दोन टोकं. ती एकमेकांसमोर उघडी, आ वासून. काकांनी एका टोकाला घंटी पाडली, म्हणजे तोंड जरा रुंद केलं, दुसरं आत सरकवलं आणि चांदीच्या सळईने असा डाग दिला की जोड कुठे आहे ते बोटालाही सापडू नये. मग कानसून, पुसून, गँग त्या डागाच्या दोन बाजूंना पकडून टाकला.

रेडिओ लावला. काही नाही. गँग इकडे फिरवला, तिकडे फिरवला. वाळूसुद्धा नाही धड. आठ दिवस उरले होते, आणि कडं मुक्या माणसासारखं स्टुलावर बसून होतं.

रेडिओवाला दुकान बंद करून स्वतः आला. त्याने कड्याभोवती एक फेरी मारली, दोऱ्याचा चष्मा वर केला आणि खाली बसून हसायलाच लागला. काकूंनी पाणी आणून दिलं.

"अरे गॅसवाल्या, बुजवलंस की रे!"

"मग? उघडी ठेवू नळी?"

"उघडीच पाहिजे! ती फट म्हणजेच सगळं काम. फटीच्या दोन काठांवर गँग बसतो, म्हणून कडं एका स्टेशनच्या सुरात येतं. तू फटच बुजवलीस, गँग काय करणार, टाळ्या वाजवणार?"

"सांगितलं नाहीस तू."

"कडं उघडं ठेव हे फ्रिजवाल्यालाच सांगायला लागेल, हे मला काय ठाऊक!"

काकांनी नळी कापायचं चाक आणलं. आपल्या हाताच्या डागावर ते ठेवलं आणि थांबले. "उद्या कापतो," म्हणाले. काकू म्हणाल्या, "आणा इकडे, मी कापते." तेव्हा कापलं. बोटभर फट पडली. काकांनी तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही. गँग काठांना डाग देऊन जोडला आणि तोंड फिरवूनच बसले.

पण कडं बोलायला लागलं! गँग केसभर फिरवला की अख्खं स्टेशन उसळून वर यायचं, आणखी केसभर फिरवला की गायब. हात जवळ नेला तरी बिथरायचं, म्हणून काकांनी गँगच्या दांडीला काकूंचा आमटीचा लाकडी डाव बांधला आणि लांबूनच फिरवायला लागले. साडेसातला ताईचा आवाज आला. सहा महिन्यांनी. आणि त्याच्या दुप्पट जोराने वाळूही आली.

काकांनी भिंतीवरच्या नकाशात ताईचा देश बघितला आणि कडं तिच्याकडे तोंड करून उभं केलं. छपरावर टीव्हीचे अँटेने असेच तर फिरवायचे. आवाज आहे तसाच. वाळू आहे तशीच. पाच दिवस ते रोज कड्याला ताईकडे बघायला लावत होते, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. शेवटी रेडिओवाल्याला फोन केला.

"ताईकडे कशाला बघायला लावतोस?" पलीकडून आवाज आला. "ताई आभाळातून येते, तिला कडं कसंही चालतं. कडं फिरवायचं ते खरखरीसाठी. कड्याची कडेची धार ऐकते, कड्याचं गोल तोंड बहिरं. ज्याचं ऐकायचं नाही त्याच्याकडे तोंड करून उभं कर."

फोन स्पीकरवर होता. काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे हुबेहूब तुम्ही! तोंड माझ्याकडे, ऐकणं दुसरीकडे."

काका स्टूल बोटबोटभर फिरवत गेले. वाळू कमी झाली, आणखी कमी झाली, आणि एका जागी एकदम खाली बसली, कुणी दार ओढून घ्यावं तशी. काकांनी श्वास रोखून कड्याचं तोंड कुठे आहे ते बघितलं. सरळ समोरची भिंत. भिंतीपलीकडे मास्तर.

मास्तर म्हणजे ड्रॉइंगचे मास्तर, निवृत्त, एकटे. काकांचं आणि त्यांचं फार येणं-जाणं नव्हतं, पोलिसगिरीतही ते दार राहूनच गेलं होतं, कारण मास्तरांच्या स्वयंपाकघरातला नळ काकांनी एकदा न विचारता आवळला होता आणि तो तेव्हापासून उघडतच नाही. काका ताडकन उठले. सहा महिन्यांचा राग, तीन दिवस उरलेले. काकू मागून म्हणाल्या, "नीट बोला." काका नीटच बोलायचं ठरवून गेले, म्हणजे दार दोनदाच वाजवलं.

"उघडंच आहे," आतून आवाज आला.

मास्तर खाटेवर उशांना टेकून बसले होते. नाकाला पारदर्शक नळी. खाटेशेजारी बुटक्या कपाटाएवढं मशीन धाप लागल्यासारखं चाललं होतं, हुस्स, टक, हुस्स, टक.

"या," मास्तर म्हणाले. "नळ अजून उघडत नाही."

काका मशीनकडे बघत उभे राहिले. "हे कधीपासून?"

"होतील सहा महिने. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं. फुप्फुसं थकलीत, म्हणून. दिवसभर लावायचं." मास्तरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमचा रेडिओ बंद झालाय वाटतं? मी भिंतीतून ऐकायचो तुमच्या बहिणीला. माझं घड्याळच होतं ते. हल्ली नुसती खरखर येते."

माणूस बोलण्यात अडला की हाताकडे वळतो. काका खाली बसले, मशीनला कान लावला, मागचं झाकण काढलं. जाळी धुळीने गच्च. ती बेसिनमध्ये धुतली, त्यासाठी नळ पान्याने सैल केला, आणि मग सवयीने नाकाच्या नळीचा जोडही चाचपून बघितला. तिथे बारीक गळत होतं. त्यांनी तो नीट बसवला.

"मशीनमुळे येते का हो ती खरखर?" मास्तरांनी विचारलं. मास्तर काही खुळे नव्हते.

काकांनी मशीनचं झाकण परत बसवलं.

"शेवटचा कार्यक्रम आहे ना परवा? काकू जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या. पंधरा मिनिटं बंद ठेवू. पंधरा मिनिटं मी काढीन."

"काही नको," काका म्हणाले. "तुम्ही श्वास घ्या. मी कडं फिरवतो."

शेवटच्या दिवशी काकांनी कडं भिंतीपासून लांब, बाल्कनीच्या कठड्यापाशी नेलं. रेडिओ बॅटरीवर. मास्तरांचं दार उघडं, यांचंही उघडं. रेडिओवाला जिन्यातल्या कुंड्यांत पाय घालून आला आणि काकूंनी त्याला दारापाशीच बसवलं, कारण कुणी हललं की गँग बिथरतो. सव्वासातला काकांनी डाव हातात घेतला. साडेसातला कार्यक्रमाची सुरावट आली, आणि तिच्यामागून वाळू. काकांनी स्टूल एक बोट फिरवलं. मग अर्धं. वाळू खाली बसली. पुरती गेली नाही, पण खाली बसली, आणि तिच्या वर ताई उभी राहिली.

ताईने बातम्या वाचल्या. हवामान वाचलं. आवाज जरा घोगरा झाला होता, सहा महिने वाळूखाली काकांच्या लक्षात कसं येणार? मग म्हणाली, "आता पत्रं. शेवटचीच आहेत, तर एक खास वाचते. आमचे एक श्रोते आहेत, फ्रिजमध्ये गॅस भरणारे. तीस वर्षं दर आठवड्याला अहवाल येतो. आधी मोठे कडक परीक्षक. कधी दोन गुण, कधी तीन. गेले सहा महिने मात्र सगळीकडे पाच. आम्हाला वाटलं, आपण सुधारलो."

काकूंनी काकांकडे बघितलं. काका डावाकडे बघत होते.

"मागच्या महिन्यात एका मंगळवारी आमच्या मशीनमध्ये बिघाड झाला. त्या दिवशी कार्यक्रम झालाच नाही, कुठेच नाही. या श्रोत्यांचा त्या मंगळवारचाही अहवाल आला. आवाज पाच, खरखर पाच, आणि शेरा, 'बातम्या उत्तम वाचल्या.'"

रेडिओवाला दारात हसत सुटला. भिंतीपलीकडून मास्तरांचं हसणं आलं, मधेच धाप लागली, आणि मशीन हुस्स करून त्यांच्या मदतीला धावलं. काकांचा हात हलला, ताई क्षणभर बुडाली. "हलू नका हो!" काकू ओरडल्या. काकांनी डाव धरला, ताई परत आली.

"...म्हणजे ऐकू येत नसतानाही कुणीतरी रोज साडेसातला बसत होतं," ती म्हणत होती. "असा श्रोता कुणाला मिळतो? पण बाळ्या, आज खरं लिही. कार्ड घरच्या पत्त्यावर टाक." मग एवढा वेळ ती काही बोलली नाही की रेडिओवाल्याने गँगकडे बघितलं. "ऐकताय ना?"

"ऐकतोय," भिंतीपलीकडून मास्तर म्हणाले.

काका डाव धरून बसले. सुरावट वाजली, संपली, आणि त्या जागेवर नुसती हलकी वाळू उरली. ती त्यांनी बराच वेळ चालू ठेवली. मग काकूंनी कार्ड आणि पेन आणून समोर ठेवलं. काकांनी तारीख घातली, वेळ घातली. आवाजाचा जोर, तीन. चढउतार, चार. खरखरीपाशी पेन थांबलं.

"किती देताय?" काकूंनी विचारलं.

"तीन."

"अहो, दोनच द्या. मी ऐकलीय."

"तीन," काका म्हणाले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'शेजाऱ्यांचं मशीन चालू होतं. बातम्या उत्तम वाचल्या.' मग जरा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली, जिला त्यांना अर्धा तास लागला. 'घसा बसलाय तुझा. काळजी घे.'

पेनचं टोपण मात्र उघडंच राहिलं. काकूंनी बघितलं आणि मुद्दाम लावलं नाही.